काळी चारचा एल्क

डेलबर्ट प्रुइटच्या घरातला पियानो बारा वर्षांत कुणी उघडला नव्हता. मुलगी लग्न करून स्पोकेनला गेली तेव्हापासून त्याच्या झाकणावर बियांची पाकिटं, संपलेल्या बॅटऱ्या, मासे पकडायचे गळ असं काहीबाही साठत गेलं होतं. आता नात यायची होती आणि ती पियानो शिकतेय म्हणे, म्हणून ऑगस्टच्या अखेरीला त्याने पसारा खाली उतरवला आणि आर्डिसला बोलावलं.

आर्डिस कोलस्टॅड ही स्टिलमन खोऱ्यातली एकुलती एक पियानो लावणारी बाई. चर्चमधले, शाळांमधले, लांबलांबच्या रँचवरचे सगळे पियानो वर्षातून एकदा तिच्या हाताखालून जायचे. छप्पन्न वर्षांची, हाडापेराने मजबूत, बोलायला मोकळी. तिला एकच खोड होती. कुठलाही आवाज कानावर पडला की तो कशातून आणि कसा निघतो हे कळेपर्यंत तिला चैन पडत नसे. फ्रिज मधूनमधून गुणगुणतो तो का, हे बघायला तिने एकदा अख्खा फ्रिज खोलून ठेवला होता आणि तिच्या नवऱ्याने, लायलने, आठवडाभर दुधाचा डबा मागच्या ओसरीत बर्फात पुरून ठेवला होता. त्याने तक्रार केली नाही. तो टपाल वाटायचा, सगळ्या तऱ्हेची माणसं बघितलेला होता.

त्या दिवशी आर्डिस खालच्या सप्तकापासून सुरुवात करून दुपारपर्यंत उजव्या टोकाला आली. डेलबर्ट शेजारीच खुर्ची टाकून बसला होता. अगदी शेवटच्या पट्ट्या ती पुन्हा पुन्हा दाबून बघत होती, तेव्हा तो म्हणाला, "त्या मेल्यात वाटतं. नुसतं लाकूड वाजतंय."

आर्डिसने हात थांबवला. तिने परत तीच पट्टी दाबली. तार स्वच्छ, काचेसारखी वाजली.

"आता?"

"टक्. बस."

तिने एकेक पट्टी डावीकडे येत दाबली. टक्, टक्, टक्, तो म्हणत गेला. जवळजवळ दीड सप्तक खाली आल्यावर त्याने मान वर केली. "हां. ही जिवंत आहे."

डेलबर्टने एकतीस वर्षं लाकूड कापायच्या गिरणीत करवतींना धार लावली होती, हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. त्या काळात कानात बोळे घालणाऱ्याला लोक हसायचे. आता तो अडुसष्टचा होता आणि दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून पियानोकडे बघत बसला होता.

तो म्हणाला, "म्हणजे गेल्या साली एल्क मुके नव्हते झाले."

मग त्याने तिला सांगितलं. गेल्या वर्षी सप्टेंबरभर तो धनुष्य घेऊन डोंगरात हिंडला आणि एकदाही एल्कचा, त्या घोड्याएवढ्या हरणाचा, बिगुल त्याला ऐकू आला नाही. माजावर आलेला नर आरोळी देतो ती एखाद्या चिरक्या तुतारीसारखी असते, खालच्या घोगऱ्या सुरापासून चढत चढत शिट्टीपर्यंत जाणारी. लांबवर पोचते ती शिट्टीच, आणि तिच्यामागेच शिकारी जातो. ती नसेल तर त्या जंगलात एल्क शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधण्याची गत. त्याने लांडग्यांना दोष दिला, हवामानाला दिला. न्हाव्याच्या दुकानात तसं बोलूनही दाखवलं, तर बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. त्याचं कारण त्याला आज कळलं. कानातलं यंत्र त्याच्याकडे होतं, पण रानात त्याचा उपयोग शून्य. पानं सळसळली की ते कढईत तळण पडल्यासारखं करायचं, आणि आवाज कुठून आला हे तर त्यातून कळतच नसे.

"तुझे कान चांगले आहेत," तो म्हणाला.

"पोटापुरते आहेत."

"माझ्याबरोबर चल ना डोंगरात. नुसती ऐकायला. बाकी सगळं मी करीन."

आर्डिस जन्मापासून मोंटानात राहिलेली, एल्कचं मांस खाऊन वाढलेली. पण तिच्या माहेरी कुणी शिकारी नव्हतं आणि रानात घोड्यावरून जायचं तर लायलला घोड्यांच्या नुसत्या वासाने दमा उठायचा, त्यामुळे डोंगरात ती फक्त रानातल्या बेरी वेचायला गेली होती. बिगुल तिने लांबून, गाडीच्या खिडकीतून, एकदोनदा ऐकला होता. तेवढ्यावरूनही तिला एक प्रश्न पडलेला होता. त्या आरोळीत तिला दर वेळी दोन सूर वाटायचे, एक खालचा आणि एक वरचा, आणि दोन्ही एकाच वेळी. एका घशातून दोन सूर कसे निघतील? बहुतेक प्रतिध्वनी असेल, असं तिने तेव्हा मनाला समजावलं होतं.

"येते," ती म्हणाली.

लायलला तिने जेवताना सांगितलं. तो म्हणाला, "तू? सातच्या आत तू दातसुद्धा घासत नाहीस." आणि तिला मटार वाढले.

तयारीचे तीन आठवडे लायलला जड गेले. मादीचा आवाज काढून नराला जवळ बोलवायचं तर त्यासाठी एक छोटी रबरी पट्टी तोंडात टाळूला चिकटवून फुंकावी लागते. डेलबर्टने तिला ती कशी वाजवायची ते करून दाखवलं, आणि आर्डिसच्या लक्षात आलं की तो सपशेल बेसूर वाजवतोय. त्याला स्वतःचाच वरचा सूर ऐकू येत नव्हता, त्यामुळे कितीतरी वर्षं तो अंदाजपंचे फुंकत होता.

"ही मादी आजारी आहे," ती म्हणाली.

"त्यावर तीन नर आलेत माझ्याकडे."

"कीव येऊन आले असतील."

शेवटी पट्टी तिनेच घेतली. स्वयंपाकघरात, गाडीत, पियानो लावताना मधल्या वेळात ती फुंकत राहिली. शेजारचा कुत्रा कुंपणाशी येऊन मान वाकडी करून ऐकत बसायचा. लायल टपाल वाटायला नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघू लागला.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटेचं दव गोठायला लागलं आणि अ‍ॅस्पेनची पानं पिवळी झाली. डेलबर्टची ठरलेली जागा म्हणजे 'किटली' नावाचा एक खोलगट भाग. तिन्ही बाजूंनी कडे, मध्ये देवदारांचं दाट काळं रान, आणि रानाच्या वर गवताचे दोन उतार. ट्रक जिथे थांबवायचा तिथून तासभर चढण. आर्डिसला वाटलं होतं आपण चालून चालून तयार आहोत, पण पहिल्या वीस मिनिटांतच तिला स्वतःच्या छातीतल्या ठोक्यांशिवाय काही ऐकू येईना. कानांची मदतनीस म्हणून आलेली बाई अशी धापा टाकत उभी राहिलेली बघून डेलबर्ट झाडाला टेकून थांबला. त्याचे गुडघे वाईट होते, पण श्वास अजून पहाडी होता.

"कान आले का वर?" त्याने विचारलं. "की मागून येतायत?"

त्यांनी खुणा ठरवल्या होत्या. ती त्याच्या मागे हातभर अंतरावर. आवाज डावीकडून आला तर डाव्या खांद्यावर बोट, उजवीकडून तर उजव्या, समोरून तर पाठीच्या मधोमध. एका टिचकीला दहा पावलं अंतर. दहा टिचक्या म्हणजे खूप लांब, अजून चालायचंय.

उजाडता उजाडता पहिला बिगुल आला. आर्डिसच्या अंगावर काटा आला आणि ती टिचकी द्यायचीच विसरली. इतक्या जवळून तिने तो कधी ऐकला नव्हता. घरंगळत चढणारा, मग वर जाऊन ताणलेला, आणि शेवटी तीन खोल हुंकार. तिने डोळे मिटून परत ऐकायची वाट बघितली. परत आला तेव्हा तिने डेलबर्टच्या उजव्या खांद्यावर दहा टिचक्या दिल्या, आणि ते उजवीकडे निघाले. अर्ध्या तासाने कळलं की एल्क डावीकडे होता. उजवीकडच्या कड्यावर आपटून आलेला आवाज तिने खरा मानला होता.

पहिला दिवस असाच गेला. दुपारी एकदा ते खरोखर जवळ पोचले, पण नर कसा दिसतो ते बघायला ती झाडाआडून एक पाऊल पुढे सरकली, त्याच वेळी वारा फिरला, आणि रानात फांद्या मोडल्याचा धडाका उठला. तिला दिसले ते पाच-सहा फिकट पिवळे पार्श्वभाग, चढावर उड्या मारत नाहीसे होताना. डेलबर्टने पावडरची छोटी कुपी दाबून हवेत एक फुंकर उडवली. पांढरा ढग सरळ एल्कांच्या दिशेने गेला.

"वारा दिसतो का तुला?" तो म्हणाला. "मला बिगुल ऐकू येत नाही तसा तो तुला दिसत नाही. म्हणून ही कुपी. आपण दोघं मिळून एक धड शिकारी होऊ, पण घाई केलीस तर नाही."

तो रागावलेला नव्हता, पण परतीच्या वाटेवर काही बोललाही नाही. आर्डिसने त्याला वाऱ्याबद्दल प्रश्न विचारून भंडावून सोडलं तेव्हा कुठे त्याची जीभ सैल झाली. पहाटे गार हवा डोंगरावरून खाली सांडते. नवाच्या सुमाराला ऊन चढलं की ती उलटते आणि वर चढू लागते. मधला अर्धा तास ती वेड्यासारखी कुठेही फिरते, त्या वेळात हलायचं नाही. हे त्याने बोटांनी, टोपीने, ट्रकच्या काचेवर रेघा मारून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रानातून एक जोरकस बिगुल आला आणि आर्डिसने टिचकीऐवजी त्याची बाही ओढली. "हा माणूस आहे," ती कुजबुजली. डेलबर्टने कसं काय म्हणून भुवया उडवल्या. "मध्येच दम घेतो. आणि त्याची नळी प्लॅस्टिकची आहे." ते कडेकडेने पुढे गेले, तर ओढ्याकाठी एक जाडगेला परगावचा शिकारी बिगुलाची नक्कल करायची नळी तोंडाला लावून बसला होता. डेलबर्टने त्याला दुरून हात केला आणि दोघं माघारी वळले. परत येताना डेलबर्टचे खांदे बराच वेळ हलत होते.

चौथ्या दिवशी खरी गोष्ट सुरू झाली. तोवर आर्डिसला प्रतिध्वनी ओळखता येऊ लागला होता. खरा आवाज भरीव यायचा आणि कड्यावरून परतलेला थोडा पोकळ, कडा झिजलेल्या नाण्यासारखा. आणि तिने आणखी एक गोष्ट केली होती, ती नकळत. किटलीत चार नर ओरडत होते आणि ती त्यांना वेगवेगळे ओळखत होती. एकाची शिट्टी वर जाऊन पांढरी सहाला टेकायची. दुसरा तिथवर पोचायचाच नाही, पोरकट होता. तिसरा घोगरा. आणि चौथा वरच्या सप्तकातल्या काळी चारवर जाऊन तिथे थांबायचा, अगदी लावलेल्या तारेसारखा, आणि मग सूर फुटून दोन व्हायचे. ते दोन सूर तिने आता इतक्यांदा ऐकले होते की प्रतिध्वनीचं कारण तिला पटेना.

जेवायला बसल्यावर तिने हे डेलबर्टला सांगितलं. त्याने पाव चावायचा थांबवला.

"तुला चारही नर वेगळे कळतात?"

"तुला लोकांचे आवाज वेगळे कळत नाहीत?"

"आणि कोण कुठे होता तेही आठवतंय?"

तिला आठवत होतं. डेलबर्टने मातीत काडीने किटली काढली आणि तिने एकेका नराचे खडे मांडले. पहाटे इथे, आठला इथे, साडेआठला इथे. काल तसंच, परवाही बहुतेक तसंच. काळी चारचा नर रोज सकाळी माद्यांना घेऊन गवतावरून रानात उतरत होता, मग एकटाच आडव्या वाटेने पूर्वेकडे सरकत होता, आणि साडेनवाच्या पुढे त्याचा आवाज नेहमी एकाच जागेवरून यायचा, जरा दबका, खड्ड्यातून आल्यासारखा.

"लोळण," डेलबर्ट म्हणाला. "चिखलात लोळायला जातो तो. तिथे एक जुनं डबकं आहे, मला वाटलं आटलं असेल." त्याने एकेका खड्यावर बोट ठेवून बघितलं. "चाळीस वर्षं येतोय मी इथे. असा नकाशा मला कधी जमला नाही."

पाचव्या दिवशी ते पहाटे नराच्या मागे गेलेच नाहीत. पूर्वेच्या दांडावर दगडाआड बसून राहिले. बोटं गारठली, आर्डिसच्या थर्मासमधली कॉफी संपली. खाली चारही नर ओरडत होते आणि ती एकेकाची जागा त्याला बोटाने दाखवत होती. नवाला वारा गडबडला, कुपीतली पावडर गोल गोल फिरली. सव्वानवाला ती सरळ वर चढू लागली. तेव्हा ते उतरले आणि डबक्याच्या वरच्या अंगाला, तीस पावलांवर, दोन पडलेल्या ओंडक्यांमागे बसले. चिखल ताजा तुडवलेला होता. उग्र, घोड्याच्या तबेल्यासारखा पण त्याहून तिखट वास येत होता.

डेलबर्टने बाण चढवला आणि उजवीकडच्या वाटेवर नजर लावली. आर्डिसने पट्टीवर मादीचा हलका सूर काढला. एकदाच.

काही नाही. मग डावीकडे, चढाच्या आडव्या रेषेत, कुठेतरी एक काटकी मोडली. तिने त्याच्या डाव्या खांद्यावर सहा टिचक्या दिल्या. त्याने मान हलवली नाही, नजर तेवढी डावीकडे नेली. मग बिगुल झाला आणि तिला वाटलं आपल्या फासळ्या हलल्या. खालचा सूर जमिनीतून आल्यासारखा, आणि त्याच वेळी, त्याच क्षणी, वर काळी चार. दोन्ही. कडा जवळ नव्हता, प्रतिध्वनी शक्यच नव्हता. ती इतकी हरखून गेली की पुढच्या टिचक्या द्यायला तिला स्वतःवर जोर करावा लागला. चार. तीन.

डेलबर्ट बसल्या जागी इंच इंच वळला. त्याच्या गुडघ्याचा कट् असा आवाज झाला, तो त्याला ऐकू गेला नाही, तिला गेला. नर थांबला. एका जाड देवदाराच्या मागे त्याचं डोकं आणि शिंगं दिसत होती, बाकी अंग खोडाआड. डेलबर्टने धनुष्य ओढून धरलं होतं. तो ओढून बसला आणि नर उभा राहिला. किती वेळ ते कुणाला सांगता आलं नसतं. डेलबर्टचे हात थरथरायला लागलेले तिला मागून दिसत होते. सोडून द्यावं तर हालचाल दिसणार, धरून ठेवावं तर ताकद संपणार. आर्डिसने ओठ न हलवता अगदी बारीक मादीचा सूर काढला, आपल्यालाच ऐकू जाईल एवढा.

नराने कान फिरवले आणि दोन पावलं पुढे टाकली.

बाण सुटल्याचा आवाज तिला फार लहान वाटला. त्यानंतरचा, ओल्या पोत्यावर थाप मारल्यासारखा, मात्र ती कधी विसरणार नव्हती. नर उसळला आणि खाली रानात घुसला. डेलबर्टने धनुष्य खाली ठेवलं आणि तिच्याकडे वळला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"कुठे?" तो पुटपुटला. "ऐक, आर्डिस. कुठे जातोय?"

तिने डोळे मिटले. फांद्या मोडत होत्या, डावीकडे, मग खाली, मग दगड घरंगळला. मग खुरांचा आवाज अडखळला. एक जड धप्प, काही सरकल्यासारखं, मग एक लांब श्वास. मग काहीच नाही. दुसरे तीन नर लांबून ओरडतच होते.

"पडला," ती म्हणाली. "तो वठलेला पांढरा बुंधा आहे ना, त्याच्या खाली. ऐंशी-नव्वद पावलं."

डेलबर्टने अर्धा तास हलायचं नाही म्हणून सांगितलं आणि घड्याळ काढून ओंडक्यावर ठेवलं. आर्डिसला वाटलं होतं आपल्याला रडू येईल. तसं झालं नाही. तिला सारखं वाटत होतं की आता काळी चार वाजेल, आणि ती वाजत नव्हती. चार दिवस ज्याची ती वाट बघत होती तो सूर आता त्या रानात नव्हता, आणि तो नसण्यात तिचा हात होता. हे तिने तेव्हा डेलबर्टला सांगितलं नाही. नंतर घरी लायलला सांगितलं.

नर बुंध्याच्या खालीच पडला होता. डेलबर्टने टोपी काढली, त्याच्या मानेवरच्या चॉकलेटी आयाळीवर हात ठेवून काही वेळ बसला, मग बाही वर केली आणि चाकू काढला. त्यानंतरचे दोन दिवस नुसते कष्ट होते. डेलबर्टने कातडं सोलून मांसाचे मोठे भाग केले, कापडी पिशव्यांत भरून सावलीत उंच टांगले. अस्वल केव्हा येईल याचा नेम नसतो, म्हणून आर्डिस मिरचीचा फवारा हातात धरून मोठमोठ्याने काहीबाही बोलत होती. मागची एक तंगडी पाठीवर बांधून ती उभी राहायला गेली तर कासवासारखी उताणी पडली. डेलबर्टला तिला उठवायचं होतं, पण हसण्यामुळे जमेना. दुसऱ्या दिवशी लायल आला. दम्याचा पंप खिशात घालून त्याने दोन फेऱ्या केल्या आणि वर म्हणाला, "नाताळात मी याहून जास्त वाहतो, तेही कुत्रे मागे लागलेले असताना."

पण हे सगळं व्हायच्या आधी, पहिल्याच दुपारी, आर्डिसने एक मागणी केली होती.

"डेलबर्ट, मला त्याचा घसा देशील?"

तो कोपरापर्यंत रक्ताने माखलेला, वाकलेला, तसाच थांबला. "घसा?"

"श्वासाची नळी. वरच्या पेटीसकट. नीट काप हं, वरचं काही तोडू नकोस."

"लोक शिंगं मागतात," डेलबर्ट म्हणाला. "दात मागतात, अंगठीत बसवायला." पण त्याने दगडावर चाकूला पुन्हा धार लावली आणि इतक्या जपून घसा काढून दिला की जणू तो एखाद्या करवतीचा नाजूक दाता होता.

घसा तिने ओल्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवला. लायलने लोणी एक खण वर हलवलं. रविवारी तिने आपल्या कामाच्या खोलीत एका जुन्या पायपेटीचा भाता मोकळा केला, रबराची नळी त्याला जोडली आणि दुसरं टोक एल्कच्या श्वासनळीत बसवून तारेने आवळलं. डेलबर्ट स्टुलावर बसला होता. तिने पाय मारायला सुरुवात केली. आधी नुसती फुस्स हवा. मग तिने दोन बोटांनी स्वरपेटी दोन्ही बाजूंनी दाबली, थोडी ताणली, आणि तिच्यातून एक खोल, ओला हुंकार निघाला. खोलीच्या भिंतींवर टांगलेल्या पियानोच्या सुट्या तारा त्याच्याबरोबर गुणगुणल्या.

डेलबर्ट उठून उभा राहिला. "हा ऐकू येतोय मला," तो म्हणाला. "अगदी नीट."

आर्डिसने तासभर खटपट केली. जास्त ताणून, कमी ताणून, हवा वाढवून, बाजू बदलून. खालचा सूर सगळ्या तऱ्हांनी निघाला. काळी चार निघाली नाही. शिट्टीचा लवलेश नाही. तिने नादकाटा वाजवून शेजारी धरला, जणू त्या मांसाला आठवण करून द्यावी. शेवटी घामाघूम होऊन ती खाली बसली, आणि डेलबर्टने पाहिलं की ती नाराज झालेली नाही, तिचे डोळे उलट चमकतायत.

"इथून निघतच नाही तो," ती म्हणाली. "वरचा सूर घशातला नाहीच. दुसरीकडे कुठेतरी आहे. तोंडात असेल, नाहीतर नाकात. आणि ते मी कापून आणलेलं नाही."

"डोकं माझ्याकडे आहे अजून," डेलबर्ट म्हणाला.

"मेलेल्या नाकाचा काय उपयोग? ओरडताना बघायला हवं."

त्या हिवाळ्यात आर्डिसच्या घरात आणि डेलबर्टकडे एल्कच खाल्ला गेला, रस्सा करून, भाजून, वाळवून. नात आली तेव्हा तिने पियानो वाजवला आणि डेलबर्ट तिच्या डाव्या हाताच्या बाजूला बसून ऐकत राहिला. आर्डिसने एक दुर्बीण घेतली, आणि मार्चपासूनच ती डेलबर्टला विचारू लागली की ओरडताना नर मान किती वर करतो, ओठ मिटतो का, वास घेतो का. त्याला सांगता येईना. चाळीस वर्षं त्याने नराच्या खांद्यामागच्या एका वीतभर जागेवर नजर ठेवली होती, नाकाकडे कधी बघितलंच नव्हतं.

पुढच्या सप्टेंबरात ते पुन्हा किटलीत गेले. तिसऱ्याच सकाळी वारा बरोबर होता, जागा बरोबर होती, आणि एक देखणा नर समोरून, उघड्यावरून, पंचवीस पावलांवर येऊन उभा राहिला आणि ओरडू लागला. डेलबर्टने धनुष्य ओढलं. समोर बारकं रोप मध्ये येत होतं, त्याला फक्त एवढंच हवं होतं की आर्डिसने पट्टीवर एक सूर काढावा म्हणजे नर अर्धं पाऊल वळेल. ठरलेलंच होतं तसं. सूर येईना. ओढलेली दोरी धरून तो थांबला, मग थोडीशी मान वळवून दातांतल्या दातांत म्हणाला, "वाजव ना."

"थांब," मागून कुजबुज आली. "नाक बघतेय."

नराने दोघांकडे एक नजर टाकली आणि उडी मारून गेला.

डेलबर्टने धनुष्य सैल सोडलं आणि तो ओंडक्यावर बसला. आर्डिसने दुर्बीण डोळ्यांवरून काढली. तिच्या गालांवर दुर्बिणीचे दोन लाल गोल उमटले होते. तिने माफी मागितली, अगदी मनापासून, आणि त्याच श्वासात सांगायला सुरुवात केली की सूर वर चढत गेला तसतशा नाकपुड्या कशा ताठ होऊन पसरल्या, तोंड कसं उघडं होतं, वरचा ओठ कसा मागे खेचला गेला होता, आणि शेवटच्या हुंकारांना मात्र नाकपुड्या कशा ढिल्या पडल्या. तिने स्वतःच्या बोटांनी स्वतःचं नाक फुगवून दाखवलं.

डेलबर्ट आधी दुसरीकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "हुंकाराला ढिल्या? नक्की?"

"नक्की."

"दोन्ही?"

तिने विचार केला. डावी नाकपुडी तिला तितकीशी नीट दिसली नव्हती, एक फांदी आड येत होती. तसं तिने प्रामाणिकपणे सांगितलं. डेलबर्टने पावडरची कुपी काढून हवेत एक फुंकर उडवली, ढग कुठे जातो ते बघितलं आणि गुडघ्यांवर हात देऊन उठला.

"वारा अजून तासभर आहे असाच," तो म्हणाला. "गेल्या सालचा तो पोरकट कुठे ओरडतोय बघ. त्याच्या डाव्या बाजूने जाऊ."